पाकीट न फोडता

विदरन्सीचं दीपगृह समुद्रावर नाही,
गावाच्या मधोमध आहे, घरांच्या रांगेत,
पत्ता चुकून आत शिरलेल्या पाहुण्यासारखं.
त्याच्या मागच्या गल्लीत वृद्धाश्रम, तेवीस खोल्या,
आणि जिन्याखाली, झाडू-बादलीच्या शेजारी,
हिरवे दिवे लुकलुकवणारं कपाट.
तिथे स्टुलावर मी, मांडीवर लॅपटॉप.

मिसेस ऑल्ड्रॉइड म्हणाल्या,
"रात्री नेट रांगतं. कुणीतरी काहीतरी बघतंय.
कोण ते शोधा. आणि काय, तेही."
'काय' म्हणताना आवाज खाली घेतला.

म्हणून दोन रात्री वाहतूक बघत बसलो.
वाहतूक कसली, नुसत्या ओळी:
किती वाजता, कुठून, कुठे, केवढं.
पॅकेट म्हणतात त्याला,
आणि मला दर वेळी पाकीटच दिसतं,
खाकी, डिंकानं चिकटवलेलं,
कारण आमचे दादा मिरजेला रेल्वे डाकेत सॉर्टर होते.
धावत्या डब्यात उभ्यानं रात्रभर
कराड, सातारा, कराड, लोणंद,
बघता बघता कप्प्यांत भिरकवायचे.
बोटांना गावं पाठ होती.
पाकीट कधी दिव्यासमोर धरलं नाही.
पोस्टकार्डाचं वेगळं.
"कार्ड लिहिणाऱ्यानं लाज आधीच सोडलेली असते," म्हणायचे,
आणि वाचायचे, बिनदिक्कत.
कोपरा फाडलेलं आलं तर मात्र
न वाचताच सगळ्यांत वर ठेवायचे,
पहिल्या थैलीत जावं म्हणून.

हल्ली सगळेच बंद पाकिटं धाडतात.
मला पत्ता दिसतो, वजन दिसतं.
खोली चार: बिंगो.
खोली सतरा: बिंगो, मग बँक, मग परत बिंगो.
रात्रपाळीची जोसलिन: पहाटे दोनला कॉल, चाळीस मिनिटं.
कुणाला, ते पाकिटावर नाही.
सकाळी चहा देताना तिचे डोळे सांगतात तेवढंच.

चोर दुसऱ्या रात्री सापडला.
खालच्या हॉलमधला टीव्ही.
संध्याकाळी कुणीतरी लावलेली शेकोटी,
लाकडं जळतानाचा दहा तासांचा व्हिडिओ,
अठरा रिकाम्या खुर्च्यांसमोर
एकटाच तडतडत होता.
नऊ जीबी जळाले. राखसुद्धा नाही.

आणि त्या जाळाच्या कडेला,
दोन्ही रात्री, तीन वाजून दहा मिनिटांनी,
खोली नऊ. जुनाट टॅबलेट. अकरा केबी.
हे पाकीट नव्हतं. कार्ड.
कुण्या हौशी माणसानं चालवलेलं, कुलूप नसलेलं पान,
आणि मी, दादांचाच मुलगा, वाचून मोकळा:
भरती चार वाजून सहा. पाच मीटर चाळीस.
वारा ईशान्येचा.
बाकी कोरं.

नऊ नंबरला मिस्टर ब्लेंकिन.
दोन वर्षं जिना उतरलेले नाहीत.
खिडकी पार्किंगवर उघडते.
दारावर चिठ्ठी: चहात दोन चमचे साखर, उजव्या कानाशी बोला.
तळहातांवर दोरखंडाचे घट्टे,
काल वायर ओढताना माझा हात हातात घेऊन
त्यांनी उलटा-सुलटा पाहिला होता,
आणि मऊ आहे म्हणून हसले होते.

रिपोर्टमध्ये लिहिलं: शेकोटी झोपताना विझवावी.

नव्या फिल्टरला कुलूप नसलेली पानं चालत नाहीत,
सोमवारपासून तो आपोआप अडवणार.
अपवादांच्या यादीत मी एक ओळ घातली.
पुढे रकाना होता: कारण.
बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मग टाइप केलं: टपाल.

सामान गाडीत टाकलं, तरी घरी निघवेना.
दीपगृहाला वळसा घालून, बंद चिप्सच्या दुकानावरून
समुद्राच्या भिंतीपर्यंत चालत गेलो.
अंधारात पाणी दिसेना, ऐकू येत होतं.
मोबाइलचा उजेड पायऱ्यांवर पाडून वरून मोजल्या:
आठवी बुडालेली,
सातवी ओली होत होती.
घड्याळात चार वाजून चार.
कॉलर वर केली,
दोन मिनिटं थांबलो.